पानी वांदा

“कुंकवाची डबी कुटं हाय, मालक?”

इराप्पा मिस्त्रीनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी यंत्रमागाच्या बुडाला गंजून बसलेला एक नट पान्यात धरून अक्षरशः लोंबकळत होतो.

“मामा, किती वेळा सांगू? विमानतळावर बॅग उघडली, लाल भुकटी दिसली, ठेवून घेतली त्यांनी.”

“आनि तुमी दिलीसा?”

“त्यांच्या कमरेला पिस्तूल होतं. तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“आज खंडेनवमी. हत्याराला, मागाला कुंकू न्हाई. धर्म बुडवला तुमी माजा पोलंडात आनून.”

“स्वयंपाकाची हळद आहे की.”

मिस्त्री विचारात पडला. मग म्हणाला, “चालंल. लगनात तरी काय, आदी हळदच असती.”

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, भूपाल मगदूम, इचलकरंजीच्या एका कारखानदाराचा पुतण्या. काकांनी पोलंडमधल्या एका बंद पडलेल्या गिरणीचे चोवीस जुने माग विकत घेतले होते. ते खोलायचे, भागांवर खुणा करायच्या, पेट्यांत भरायचे आणि जहाजाला लावायचे, एवढंच आमचं काम. मी नावाचा मालक. खरं काम इराप्पाचं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण हात मागावर ठेवला की आत कुठला दात झिजलाय ते सांगायचा. गावाचं नाव मी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला उच्चारता यायचं नाही. तोंडात खडे भरल्यासारखं नाव होतं.

गाव मात्र नीटस. एक चर्च, एक चौक, चौकात हुतात्म्यांचा दगड. सकाळी सहाला बायका आपापल्या दारापुढचा रस्ता झाडायच्या आणि शेजारणीच्या हद्दीपाशी झाडू थांबवायच्या. येताजाता प्रत्येक जण नमस्कार करी, पण घरात कुणी बोलावलं नाही. गिरणीच्या गेटवर काझिमिर नावाचा साठी उलटलेला राखणदार होता. याच गिरणीत त्यानं जन्म काढलेला. आम्ही रोज सकाळी गेट ठोकायचो, तो आतून ओरडायचा, “क्तो?” म्हणजे कोण. आम्ही म्हणायचो, “इंडिया!” मग दार उघडून तो आमच्या हातावर एकेक आलुबुखार ठेवायचा. चांगला माणूस. मी आजही म्हणतो, तेव्हा तो आम्हाला चांगलाच वाटला होता.

आणि होती पानी वांदा.

पोलिश भाषेत बाईंना ‘पानी’ म्हणतात, आणि ‘हो’ला म्हणतात ‘ताक’. बाईंचं नावच वांदा. पहिल्या दिवशी काझिमिरनं ओळख करून दिली, “पानी वांदा,” तेव्हा इराप्पा पोट धरून हसला. “मालक, ह्या गावात पान्याचा वांदा हाय. म्हून सगळी ताक ताक करत्यात!” आणि ती पांढऱ्या केसांची गोरीपान बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, आमच्याकडे बघून म्हणाली,

“ह्यात हसायला काय झालं रं?”

इराप्पाच्या हातातला हातोडा खाली पडला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रशियातून सुटलेली हजारो पोलिश माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली होती, हे मी ऐकून होतो. वांदाबाई त्यांतली. अकराव्या वर्षी आली, सोळाव्या वर्षी गेली. दूधवालीच्या पोरीबरोबर खेळून मराठी शिकली. तिचं मूळ गाव लढाईनंतर रशियाच्या नकाशात गेलं, म्हणून सरकारनं तिच्या आईला या गावात एक मोकळं घर दिलं. पंचेचाळीस वर्षांत मराठीचा एक शब्द बोलली नव्हती. आता रोज सकाळी ती आमच्यासाठी किटलीत सूप घेऊन यायची, दुभाषाचं काम करायची आणि सगळ्यांना अरेतुरे करायची, कारण तिला तेवढंच येत होतं. आम्ही तिघं बोलत असलो की काझिमिर आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघायचा. त्याला वाटत असेल की मजेशीर भाषा आहे. मला तरी तेव्हा तसं वाटलं.

एकदा चौकातल्या दगडापाशी उभं राहून त्यानं आम्हाला गावाचा इतिहास सांगितला. स्वीडनच्या फौजेनं गाव जाळलं, मग रशियनांनी जाळलं, मग जर्मनांनी एकतीस माणसं या चौकात उभी करून गोळ्या घातल्या. दगडावर एकतीस नावं होती. त्यानं प्रत्येक नावावर बोट ठेवलं आणि शेवटी छातीवर हात मारून काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतो?” मी विचारलं.

“म्हणतो, समद्यांनी आमाला मारलं. आमी कुनाला मारलं न्हाई.” एवढं सांगून वांदाबाई आपल्या बुटांकडे बघत राहिली.

तर त्या खंडेनवमीला चोविसावा, म्हणजे शेवटचा माग जागेवरून हलला. मिस्त्रीची एक रीत होती, कुठल्या पोथीत नसलेली. गिरणीतला शेवटचा माग उचलला की तिथल्या भिंतीवर तो पाच हात उमटवायचा. “इतकी वर्सं लक्षुमी हितं नांदली. न्हेतोय तिला, तर जागंला हात लावून सांगाय नगं?” हा शेवटचा माग मागच्या भिंतीला लागून होता. त्या भिंतीचं आम्हाला नवल वाटायचं. गिरणीचं छत गळत होतं, खिडक्या फुटलेल्या, पण तेवढी एक भिंत काझिमिरनं तीन दिवसांपूर्वीच चुन्यानं पांढरीधोप केली होती. तीन वर्षं बंद पडलेल्या गिरणीत रंग कशाला, मी वांदाबाईला विचारलं होतं.

“दर वर्साला करत्यात. मेलेल्यांचा सन येतो त्याच्या आदी.”

“पण हीच भिंत का?”

“तू माग खोल. भिंत इचारू नगं.”

नारळ नव्हता, म्हणून मिस्त्रीनं सफरचंद फोडलं. वाटीत हळद कालवली, तळवा बुडवला आणि छातीच्या उंचीवर भिंतीवर पाच हात मारले. वीज तोडलेली होती, पाच वाजताच अंधारून आलं होतं. हळद पातळ झालेली, ओघळ आले. “वाईच पानी जास्त झालं,” मिस्त्री म्हणाला. आम्ही हात जोडले आणि खोलीवर गेलो. मिस्त्रीनं साबणानं तीनदा हात धुतले तरी तळवा काही स्वच्छ झाला नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी आठला आम्ही गेट ठोकलं. “क्तो?” आलं नाही. गेट नुसतं लोटलेलं होतं.

आत सात-आठ माणसं उभी होती, बहुतेक काझिमिरच्या वयाची, दोघं तिघं तरुण. सगळे भिंतीकडे तोंड करून. आम्ही जवळ गेलो आणि मला भिंत दिसली. पिवळे हात रात्रीत लाल झाले होते. नुसते लाल नव्हे, वाळलेल्या रक्ताच्या रंगाचे. पाच हात, आणि खाली घसरत गेलेले त्यांचे ओघळ.

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला क्षणात कळलं आणि मी हसलो. होय, हसलो. “मामा, बघा, चुन्यानं कुंकू करून दिलं तुम्हाला.”

माझ्या हसण्यावर सगळी माणसं वळली.

काझिमिर पुढं आला. त्यानं मिस्त्रीचं उजवं मनगट धरलं आणि तळवा उघडला. साबणानंही हळद लालच होते. तळव्याच्या रेषा तांबड्या झाल्या होत्या. त्यानं मिस्त्रीला भिंतीपाशी ओढलं, तो तळवा एका ठशावर दाबला. बोटाला बोट जुळलं.

“व्हय, माजाच हाय,” मिस्त्री हसून म्हणाला. “हळद हाय बाबा. पूजा. नमस्कार.”

काझिमिरनं शेजारी खोलून ठेवलेल्या मागाचा धोटा फेकणारा लाकडी दांडा उचलला. हातभर लांबीचं, तेल पिऊन लोखंड झालेलं लाकूड. तो मिस्त्रीच्या कानावर बसला.

आवाज फार मोठा झाला नाही. मिस्त्री गुडघ्यावर बसला, कानाला हात लावला, रक्त बघितलं आणि माझ्याकडे बघितलं; मी मालक होतो ना. मी धावलो तर दोघांनी मला धरून भिंतीवर आपटलं. एकानं कोपर माझ्या मानेवर रोवलं. गालाला चुना लागला, डोळ्यांत गेला, आग आग झाली. “हळद! हळद!” मी ओरडत होतो. त्या शब्दाचा तिथं काय उपयोग! पुढचे दांडे पाठीवर, बरगड्यांवर बसले. मिस्त्री पहिल्यांदा “आई” म्हणाला, मग नुसता हुंकार येऊ लागला.

“क्तो?” काझिमिर विचारत होता. प्रत्येक दांड्यामागं एक “क्तो?”

कोण? कोण काय? मला काहीच कळेना. मग एका तरुणानं मिस्त्रीचा उजवा हात ओढून मागाच्या ओतीव लोखंडाच्या पाटावर ठेवला आणि बुटानं मनगट दाबलं. काझिमिरनं दांडा दोन्ही हातांनी वर घेतला. मिस्त्रीची बोटं पाटावर पसरली होती. ज्या बोटांनी चोवीस माग आठवड्यात तीन-चार या हिशेबानं उलगडले होते, ती बोटं. दांडा आला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मिस्त्री किंचाळला.

“क्तो?”

दांडा पुन्हा आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वेगळ्याच दिशेला वळलं.

“क्तो?”

“मामा!” मी रडत होतो. “मामा, वांदा झाला हो! वांदा झाला, वांदा...”

दांडा हवेतच थांबला.

माझ्या मानेवरचं कोपर सैल झालं. काझिमिर माझ्याकडे आला. त्याच्या तोंडाला आलुबुखाराच्या दारूचा वास होता, आणि आश्चर्य म्हणजे डोळे पाण्यानं भरले होते. त्यानं हळूच, एखाद्या आजाऱ्याला विचारावं तसं विचारलं,

“वांदा?”

मला कळलं. मी काय बोललो आणि यांनी काय ऐकलं, हे मला त्याच क्षणी कळलं. ‘नाही’ला ‘न्ये’ म्हणतात, हेही मला येत होतं, काझिमिरनंच शिकवलेलं. मी मिस्त्रीकडे बघितलं. तो पाटावर डोकं टेकून पडला होता, तोंडातून लाळ आणि रक्त येत होतं, अजून तीन बोटं शाबूत होती. आणि दांडा थांबला होता.

“क्तो? वांदा?” काझिमिरनं पुन्हा विचारलं.

“ताक,” मी म्हणालो. “वांदा.”

त्यांनी आम्हाला सोडून दिलं. नुसतं सोडलं, नको झालेली वस्तू खाली ठेवावी तसं, आणि सगळे बाहेर गेले. मी मिस्त्रीला मिठी मारली. तो शुद्धीत नव्हता. मग मी उठून शेडचं लोखंडी दार आतून लावलं आणि अडसर घातला. हे मी मुद्दाम लिहितोय. अडसर मी घातला.

खिडकीच्या फुटक्या तावदानातून अंगण दिसत होतं. साडेआठ वाजले होते, म्हणजे तिची यायची वेळ. वांदाबाई गेटातून आत आली, हातात निळी किटली, डोक्याला रुमाल. तिनं माणसं बघितली, काझिमिरच्या हातातला दांडा बघितला, त्याच्यावरचं रक्त बघितलं. तिला वाटलं असणार की आम्ही संकटात आहोत. ती शेडकडे तोंड करून मराठीत ओरडली,

“पळ! आरं तू पळ!”

ती परकी भाषा कानावर पडली आणि एकानं काझिमिरच्या हातातला दांडा हिसकावला, बाकीचे तिच्यावर तुटून पडले. पहिल्या दांड्यात किटली उडाली, दुसऱ्यात ती स्वतः पडली. एका तरुणानं तिच्या तोंडावर लाथ घातली. काझिमिर मारत नव्हता. तो बाजूला उभा राहून काहीतरी ओरडत होता, तेच तेच, आणि रडत होता. ती कुशीवर वळून डोकं हातांत लपवत होती. मी खिडकीशी उभा राहून हे सगळं बघितलं. मध्ये एकदा ती पुन्हा “पळ” म्हणाली. मग तिचा आवाज थांबला. चर्चचे पाद्री सायकलवरून आले आणि मध्ये पडले, म्हणून ती जिवंत राहिली.

पोलीस आले, रुग्णवाहिका आली. जिल्ह्याच्या दवाखान्यात मिस्त्रीची दोन बोटं काढली. वांदाबाईचा जबडा, चार बरगड्या मोडल्या होत्या आणि डावा डोळा गेला होता. सहाव्या दिवशी मला तिला भेटू दिलं. अर्धं तोंड पट्टीत होतं. दात तारेनं बांधलेले, त्यामुळं ती ओठांतल्या ओठांत बोलत होती. मी खुर्ची जवळ ओढली.

“मिस्त्री कसा हाय?”

“बरा आहे.”

“जेवतोय?”

“जेवतोय.”

ती छताकडे बघत म्हणाली, “म्या तुला भिंतीचं सांगितलं नव्हतं.”

“नाही.”

“त्यांना वाटलं, सांगितलं. मार खाऊन झाला. आता सांगतेच.”

आणि तिनं सांगितलं. थांबत, शब्द शोधत, मध्येच पोलिशमध्ये जात. जर्मन निघून गेल्यावर दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात या गावचे ज्यू परत आले. लढाईआधी गावात दोन हजार होते. परत आले अकरा. त्यांच्या घरांत इतर लोक राहायला गेले होते, म्हणून ते गिरणीच्या शेडमध्ये उतरले आणि रोज सकाळी आपापल्या दारात जाऊन उभे राहू लागले. बोलायचे नाहीत, नुसते उभे. आठ दिवस गावानं ते सोसलं. नवव्या दिवशी गिरणीतली माणसं मागाचे दांडे काढून घेऊन शेडमध्ये गेली. अकरा जणांना त्या मागच्या भिंतीपाशी मारलं. उठायला बघत होते ते, भिंतीला धरून. भिंतीवर हात उमटले होते. काझिमिर तेव्हा अठरा वर्षांचा होता.

“दर वर्साला चुना लावतो. पन त्याला दिसतात म्हनं. त्याची बायको बोलली मला एकदा.”

“तुम्हाला केव्हा कळलं?”

“आमी दोन वर्सांनी आलो. दाराच्या चौकटीला खाच होती, त्यात ज्यू लोक देवाचा कागद ठेवत्यात. आई म्हनली, बुजव आनि गप ऱ्हा. म्या बुजवली. त्याच घरात ऱ्हाते की म्या.”

नर्स आली, सलाईन बघून गेली. वांदाबाईनं चादरीतून हात काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मला तो हात झटकून पळून जावंसं वाटलं.

“मला मारत व्हते तवा काझिमिर सांगत व्हता,” ती म्हणाली. “तुज्या लोकानं तुजं नाव सांगितलं, म्हनत व्हता.”

मी दुसऱ्या हातानं तिची चादर सारखी केली.

“मिस्त्रीनं सांगितलं आसंल. त्याचा हात फोडत व्हते न्हवं? म्हातारं मानूस, भ्यालं.” तिनं माझा हात दाबला. “त्याला सांग, वांदा रागवली न्हाई. सांगशील?”

“हो,” मी म्हणालो.

त्या माणसांना अटक झाली, पुढं खटल्याचं काय झालं मला माहीत नाही. माग महिनाभरानं दुसऱ्या माणसांनी भरून पाठवले. वांदाबाई चार वर्षांनी वारल्याचं पत्र पाद्र्यांकडून आलं.

इराप्पामामा त्यानंतर पुष्कळ जगला. दर दसऱ्याला सोनं द्यायला पहिला माझ्या दारात यायचा, तीन बोटांत आपट्याची पानं धरून. माझ्या बायकोला, पोरांना, आल्यागेल्याला सांगायचा, “माज्या फुडं उबा ऱ्हायला ह्यो मानूस. काय बोलला त्यांच्या भाषेत कुनास ठावं, पन त्यांनी दांडा खाली ठेवला. मालक नसता तर म्या आज नसतो.” मी पानं घ्यायचो आणि त्याच्या पाया पडायचो. बाईंचा निरोप त्याला शेवटपर्यंत दिला नाही.